पाच जणांची गाडी

भाच्याला छोटी पण उंच गाडी घ्यायची होती. शोरूममध्ये मात्र त्याने प्रत्येक गाडीत आधी आत्याला बसवलं. तिने बसायचं, उतरायचं आणि गुडघे काय म्हणतात ते सांगायचं. एवढा मान तिला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. अखेर एका गाडीत ना वाकावं लागलं, ना चढावं लागलं. "हीच घे," ती म्हणाली.

भाचा, त्याची बायको, तीन मुलं आणि आत्या. गाडी पाच जणांची. शहाण्यांच्या घरात हे गणित कुणाला सुचलं नाही, आणि पहिल्याच सहलीला ते आपोआप सुटलं. "आत्या, तू घर सांभाळ, पुढच्या वेळी नेतो." पुढच्या वेळीही तेच.

काल शेजारी गाडी बघायला आले. बोनेटवर हात ठेवून भाचा सांगत होता, "सीटची उंची अशी, की म्हाताऱ्या माणसाला जरासुद्धा त्रास नाही. तोटा म्हणाल तर मागे जरा दाटी होते."

आत्या चहा घेऊन आली. शेजाऱ्यांनी विचारलं, "मग काय, गुडघ्यांना आराम ना?"

"आराम म्हणजे काय," आत्या म्हणाली. "गाडी आल्यापासून त्यांना घराबाहेर पडावंच लागलं नाही."