महिन्याचा कोटा

"सर, महिन्याला किती माणसं येतील तुमच्याकडे?" राहीनं विचारलं आणि पिलणकर सर गडबडले.

प्रश्न वेबसाइटबद्दल होता, पण सरांना आधी आपलं घरच आठवलं. तिथे गॅसवाला येई, विजेचं मीटर बघणारा येई, आणि शेजारच्या काशीवहिनी कधी सणाचं काही गोडधोड घेऊन येत. यापलीकडे कोण?

दोन हजार चार साल होतं. एसटी स्टँडासमोर राहीचा सायबर कॅफे होता. शाळेत ती सरांकडे चित्रकला शिकली होती. आता लोकांना वेबसाइट करून देत होती आणि इंटरनेटवर त्यासाठी लागणारी जागा मुंबईच्या एका कंपनीकडून भाड्यानं घेऊन देत होती.

"फुकटातली जागा नको सर," ती म्हणाली. "तुमच्या फुलांच्या चित्रांच्या डोक्यावर जाहिराती नाचतील. एक लहान जागा आहे, एक मोठी. लहान जागेला महिन्याचा कोटा असतो. कुणी चित्र उघडलं की त्यातला थोडा संपतो. सगळा संपला की एक तारखेपर्यंत साइट बंद. बरीच माणसं येणार असतील तर मोठी घ्या."

"बरीच कुठली?"

"नाय ओ सर, अख्ख्या जगात दिसते ती."

"जगाला काय पडलंय आमच्या सड्यावरच्या गवताचं?" सर म्हणाले. चार माणसांच्या पूजेला गावजेवणाचा मांडव कशाला, असं त्यांच्या मनात आलं. "लहानच दे."

खरं तर त्यांना एकच माणूस यायला हवा होता. लिमयेबाई.

उमा लिमये त्यांच्याच शाळेत शास्त्र शिकवत. पावसाळ्याच्या शेवटी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, फुलं आली की बाई आणि सर रविवारी चालत निघत. बाई कातळावर उकिडव्या बसून भिंग लावायच्या आणि फुलाचं नाव सांगायच्या, सर रंगवायचे. गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी. वाटेत बोलणं बेताचंच. निवृत्तीनंतर बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. निरोप समारंभात सरांना बोलायला सांगितलं होतं. दोन वाक्यं बोलून ते खाली बसले. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

ते त्यांनी आता साइटवर लिहिलं होतं. प्रत्येक चित्राखाली 'ओळख पटवली : उमा लिमये', आणि पहिल्याच पानावर, या बाईंनी मला बघायला शिकवलं, असं. बाईंना त्यांनी फोनवर फक्त साइटचा पत्ता सांगितला, एकेक अक्षर करून. आत काय आहे ते सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. आमचा नातू, वरद, गणपतीला हॉस्टेलवरून येईल, तो दाखवील."

म्हणजे गणपतीपर्यंत वाट बघणं आलं. पण सरांना घरात चैन पडेना. वरद आधीच आला असला तर? रोज संध्याकाळी ते राहीच्या दुकानात जात, कोपऱ्यातल्या संगणकावर साइट उघडत आणि पानाच्या तळाशी, साइटवर येऊन गेलेल्यांचा आकडा बघत. आकडा वाढलेला असे. मग कुणीतरी काही लिहून ठेवलं असेल म्हणून ते एकेक पान उघडत. कुठे काही नसे. हा आकडा आपल्याच येण्यानं वाढतो, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. तरी जाणं सुटलं नाही.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"सर, तुमच्याकडे काहीच दिसलं नाही. इंग्रजीत एक ओळ आली. वरद म्हणतो, बंद केलंय. तुम्ही काढून टाकलंत का? तुमचा काही नेम नाही."

"नाही, नाही. बघतो मी."

"बघा. तो उद्या सकाळी निघतोय."

सर तसेच दुकानात गेले. राहीनं बराच वेळ पडद्यावरचे आकडे खालीवर केले.

"कोटा संपलाय सर." मग हळू आवाजात म्हणाली, "जवळजवळ सगळा इथूनच संपलाय. माझ्याच दुकानातून."

कोपऱ्यातल्या संगणकाकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. सरांचे कान तापले. आपल्याच घराच्या दारात आपणच एवढी गर्दी केली, की ज्यांना बोलावलं त्यांना आत शिरायला वाव उरला नाही.

"एक तारखेला आपोआप उघडेल," राही म्हणाली. "नायतर मोठी जागा घ्या. आत्ता सांगितलं तर तासाभरात चालू होईल."

मोठ्या जागेत ओकंबोकं वाटेल, असं सरांना वाटून गेलं. एक तारखेपर्यंत थांबावं, असंही वाटलं. थांबणं त्यांना चांगलं जमत असे. पण एक तारखेला बाईंजवळ वरद नसणार होता.

"मोठी दे," ते म्हणाले.

साइट पुन्हा दिसू लागलेली त्यांनी राहीच्या पडद्यावर लांबूनच पाहिली आणि घरी येऊन नागपूरला फोन लावला.

"बाई, उघडली साइट."

"काय झालं होतं? दुरुस्ती?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सर म्हणाले, "नाही. मीच बघून बघून संपवली." आणि त्यांनी कोट्याचं सगळं सांगितलं.

बाई हसल्या. "स्वतःचीच चित्रं? रोज? पाठ नव्हती का अजून?"

"चित्रं नव्हतो बघत. कुणी आलंय का, ते बघत होतो."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला.

"मी आले होते हो," मग बाई म्हणाल्या. "आता ठेवा फोन. तुम्ही बोलत राहिलात तर वरदला नेट लागायचं नाही. आमच्याकडे एकाच तारेवर दोन्ही चालतं."

सरांनी फोन ठेवला. चहा केला, प्यायले. बाईंचा फोन आला नाही. वरद मित्रांकडे निघून गेला असेल. किंवा त्यांनी पाहिलंही असेल, आणि न विचारता नाव छापलं म्हणून बाईंना आवडलं नसेल. विचारायला हवं होतं. पहिल्या पानावरचं ते वाक्य तर नकोच होतं. दिवेलागण झाली तेव्हा न राहवून त्यांनी नंबर फिरवला.

एंगेज.

थोड्या वेळानं पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज. तार गुंतली होती, म्हणजे तिकडे नेट चालू होतं. वरद निघायच्या आदल्या दिवशी आपलंच काही बघत बसला असेल. किंवा बाई खुर्ची पुढे ओढून पडद्याला डोळे लावून बसल्या असतील. सरांची चित्रं मोठी, एकेक हळूहळू वरून खाली उतरत असेल.

सरांनी तिसऱ्यांदा नंबर फिरवला, रिसीव्हर कानाशी धरला आणि तो टूंटूं आवाज ऐकत ते उभे राहिले.