खुंटीवरून दिसणारा समुद्र

या दाराशेजारच्या खुंटीवरून मी बोलतोय. मी एक तुंबा आहे. वाळलेला, पोकळ भोपळा, दोरीच्या जाळीत बांधलेला. कोरियातल्या जेजू बेटावरचं हे घर समुद्राच्या इतकं जवळ आहे, की वारा सुटला की माझ्या अंगावर मीठ येऊन बसतं. समुद्राचं आणि माझं आता तेवढंच नातं उरलंय.

याच घराच्या गवती छपरावर मी वाढलो. वेल लावली होती दोकसून आजीनं. माझं कवच टणक झाल्यावर तिनं मला उतरवलं, देठाशी भोक पाडून आतल्या बिया काढल्या, उन्हात वाळवलं आणि भोक घट्ट बुजवलं. मग नव्या सुनेच्या, ओकसिमच्या हातात ठेवून म्हणाली, "हा फुटला तर दुसरा करीन. तू मात्र जिवंत घरी यायचंस."

एवढंच बोलून ती अंगण ओलांडून आपल्या खोपट्यात गेली. सासू आणि सून एकाच अंगणात राहात, पण चुली दोन. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. ओकसिमचा नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असे आणि फार क्वचित घरी येई. त्यामुळे तिचा सगळा दिवस समुद्रात आणि बायकांत जाई.

आमच्या गावच्या बायका श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि खडकांना चिकटलेले मोठे शिंपले लोखंडी पट्टीनं सोडवून आणतात. ओकसिम खाली असली की मी वर तरंगत तिची वाट बघायचो. ती वर आली की आधी तोंडातून लांब शीळ निघायची. कोंडलेला श्वास तसाच बाहेर पडतो. मग ती माझ्यावर छाती टेकून पडून राहायची. तिच्या काळजाची धडधड माझ्या पोकळ पोटात घुमायची. त्याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

शेजारी चुनह्वाचा तुंबा असायचा. चुनह्वा आणि ओकसिम एका वयाच्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या. सतत एकमेकींची टर उडवायच्या.

"काय गं, एवढुसे शिंपले? नवऱ्याच्या दाताला तरी पुरतील का?"

"माझा नवरा माझं तोंड बघून पोट भरतो. तुझ्याला शिंपलेच लागतात, बिचारा!"

त्या दिवशीही त्या अशाच हसत खाली गेल्या. ओकसिम वर आली. तिनं शीळ घातली, माझ्यावर टेकली, आणि शेजारच्या तुंब्याकडे बघत राहिली. तो एकटाच डोलत होता. तिनं हाक मारली. मग श्वासही पुरता न घेता ती परत खाली गेली. चुनह्वाची पट्टी एका शिंपल्याखाली अडकली होती आणि पट्टीची दोरी मनगटाला गुंडाळलेली. ओकसिमला ती दोरी सोडवता आली नाही. बाकीच्या बायकांनी चुनह्वाला वर आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सुतक संपल्यावर ओकसिम पुन्हा पाण्यात उतरली. डोकं पाण्याखाली गेलं मात्र, तिचं सगळं अंग आखडलं. तिनं मला असं कवटाळलं की जाळीची दोरी तिच्या हातात रुतली. किनाऱ्यावर आणल्यावरसुद्धा ती मला सोडेना. एकेक बोट उलगडून मला बाजूला घ्यावं लागलं.

त्यानंतर ती घरातच राहिली. भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचरायची नाही. ज्वारीची पेज थंड होऊन तिच्यावर साय धरायची. चुलीवर पाणी उकळायला लागलं की त्या आवाजानंही तिला धाप लागायची.

"ताप नाही, खोकला नाही, आणि म्हणे आजारी!" दोकसून आजी अंगणातून ओरडायची. "बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत मी पाण्यात होते. चुनह्वाची आई उठून शेतावर जाते, आणि तू कोण लागून गेलीस?"



तरी आजीनंच देवऋषिणीला बोलावलं. भेदरलेल्या माणसाचा जीव पाण्यात राहून जातो, तो हाक मारून परत आणायचा असतो. किनाऱ्यावर घंटा वाजली, ओकसिमच्या नावानं हाका मारल्या, तिच्या डोक्यावर तिचंच कापड फिरवलं. त्यानंतर काही दिवस ती झोपली, थोडं जेवली. मग पुन्हा भिंत.

एका दुपारी योंगए अक्का आली. पाण्यात उतरणाऱ्या बायकांची ती म्होरकी. "ऊठ", "चल" असं ती काहीच म्हणाली नाही. उंबऱ्यात बसून लसूण सोलत राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. पुन्हा लसूण. शेवटी ओकसिमच म्हणाली, "अक्का, तुमच्या घरात इतका लसूण कोण खातं?"

"कोणी नाही. वाटून टाकते. तू सांग, होतं काय तुला?"

आतून आवाज आला. "श्वास वर येत नाही. चुलीपाशी बसलेली असते, तरी मी खालीच असते. ती दोरी हातात असते. अक्का, मला वेड लागलंय का?"

अंगणात भाजी धूत असलेली दोकसून आजी थांबली. ओल्या हातांनीच सुनेच्या दारात आली. मला वाटलं, आता पुन्हा तोंडाचा पट्टा सुटणार.

"ज्या वर्षी सैनिकांनी गावातल्या पुरुषांना पकडून नेलं," ती म्हणाली, "आणि तुझा सासरा परत आला नाही, त्या हिवाळ्यात मी एक शब्द बोलले नाही. पोराशीसुद्धा. सगळे म्हणाले, दोकसून खंबीर आहे. काय होतंय, असं कोणी विचारलं नाही. मग मीही तुला विचारलं नाही. मला वाटलं, असंच करायचं असतं."

ओकसिम त्या दिवशी पहिल्यांदा रडली. सासूनं तिचे केस विंचरले. गुंता इतका झाला होता की दोघी कण्हत होत्या.

मग आजी तिला बसनं शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, तर आजीनं मोठ्यानं सांगितलं, "डॉक्टरनं नाव सांगितलंय आजाराचं. मला ते उच्चारता येत नाही. पण नाव आहे म्हणजे आजार आहे. नाटक म्हणालीस तर बघ!" आपण काय म्हणत होतो, ते ती सोयीनं विसरली होती.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तोंड कोरडं पडायचं, पण झोप लागायची. मग सासू-सुना ओहोटीला समुद्रावर जाऊ लागल्या. आधी नुसत्या वाळूवर. मग घोट्यापर्यंत पाण्यात. मग गुडघ्यापर्यंत, शेवाळ गोळा करायला. मला त्या बरोबर न्यायच्या. पाण्यात उभी असताना ओकसिम एक हात माझ्यावर ठेवायची.

सगळेच दिवस चांगले नसत. कधी शेकोटीपाशी बायका ओले कपडे वाळवत गप्पा मारत असल्या की तिचा श्वास अडकायला लागायचा. आधी ती उठून पळून जायची. पुढे तिनं सांगायचं ठरवलं. ती एवढंच म्हणायची, "आज मी खाली आहे." मग कोणीतरी तिची टोपली उचलायचं, कोणीतरी शेजारी सरकून बसायचं. प्रश्न नाही, उपदेश नाही. हळूहळू इतर बायकाही ते म्हणू लागल्या. जिचा नवरा पिऊन मारायचा, ती म्हणाली. चुनह्वाची आई म्हणाली. एकदा खुद्द योंगए अक्का म्हणाली. मग ओकसिमनं उठून तिची टोपली घेतली.

पुढे तुंब्यांचे दिवस संपले. न फुटणारे, हलके, पांढरे फोमचे गोळे आले, आणि सगळ्यांनी ते घेतले. ओकसिमनं घेतला नाही. तिला लागणार नव्हता. ती पुन्हा कधी खोल पाण्यात गेली नाही. किनाऱ्यालगत शेवाळ गोळा करायला टोपली पुरते. मी खुंटीवर आलो.

आजी गेली त्याला आता बराच काळ लोटलाय. ओकसिमचे केस पांढरे झालेत. गोळ्या अजून घेते, पण कमी. मला देठाशी चीर गेलीय. पाण्यात टाकलं तर बुडेन, हे मला कळतं. तरीही भरतीचा आवाज आला की वाटतं, तिनं एकदा, फक्त एकदा माझ्यावर छाती टेकून पडावं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर उंबऱ्यात जाऊन बसा. हातात काहीतरी काम घ्या, आणि बसून राहा. माझं एवढंच मागणं आहे.

काल ओकसिमनं मला खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि मांडीवर घेऊन अंगणाच्या दगडी गडग्यावर बसली. लांब, खोल पाण्यात पांढरे गोळे डोलत होते. ती कितीतरी वेळ तिकडे बघत होती. मीही बघत होतो.

"जावंसं वाटतं ना रे?" ती म्हणाली. "मलाही वाटतं. रोज वाटतं."

मग तिनं माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"वाटू दे," ती म्हणाली.