बारा सह्या

तपासणीला आलेली समिती खूश झाली, तर सुहासिनी देशकरांना कायम नोकरी, स्वतंत्र खोली आणि दारावर नावाची पाटी मिळणार होती. जबलपूरच्या एका विद्यापीठात, ग्रंथालय कसं वापरायचं हे मुलांना शिकवणारा विभाग त्या चालवत. वर्षाला बारा गुरुवारी बारा वर्ग, असा नियम. झाला एकच. त्याच दिवशी बाईंनी मुलांकडून बाराही रकान्यांत सह्या घेऊन टाकल्या. मुलांनाही ते बरंच पडलं, कारण त्यांच्या घराकडची, खमरियाची बस साडेपाचला निघते.

समितीच्या साहेबांनी हजेरीपटावर बोट ठेवलं. "अच्छा, दुर्वा! बारह में से बारह? बुलाइए. एक थीसिस ढूँढकर दिखाए."

बाईंनी तिला बोलावून आणलं. दुर्वा संगणकासमोर बसली, दोन बटणं दाबली आणि थांबली.

"काहून थांबली गं? दाखव ना," त्या पुटपुटल्या. आवाज मॅडमचा नव्हता, आरोपीचा होता.

दुर्वानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सर, मॅडम ने तो सब सिखाया था. मैं ही भूल गई."

साहेबांनी शेरा लिहिला, 'शिकवणे उत्तम. विद्यार्थ्यांचे लक्ष नाही. वर्ग सक्तीने सहापर्यंत घ्यावेत.'

बाईंना पाटी मिळाली, साहेबांना जेवण. दुर्वा आता दर गुरुवारी पहिल्या बाकावर असते, आणि साडेपाचची बस तिला न घेताच खमरियाला जाते.