लग्नाच्या फोटोत कुशाबाई

फोटो असा: सुलक्षणा शालूत, मुंडावळ्या बांधून उभी. तिच्या छातीतून आरपार दिसणारी खुर्ची. खुर्चीत आजेसासू कुशाबाई. डोळे मिटलेले, नाकात कापूस.

कुशाबाई लग्नाआधीच वारलेली.

अंगणात अख्खी वस्ती. चुलीत चिमटा तापतोय.

दौंडकडून आलेला देवऋषी मल्हारी फोटो कपाळाला लावतो. "म्हातारी सुनंच्या काळजात बसलीय. कॅमेऱ्याला दिसली, तुमाला दिसंना. तळहाताला डाग दिला की उठंल."

"न्हाई उठली तर?" सुलक्षणा विचारते.

"दुसरा हात हाय की."

सासरा पोपटराव तिचं मनगट धरतो. नवरा पप्पू जमिनीकडं बघतो. चिमटा लाल.

"महाराज, फोटो द्या इकडं." शेजारच्या राबियाबाई, शिरूरला शाळेत शिकवतात. त्या फोटो उन्हात धरतात. "खुर्चीमागं हा टोपीवाला कोण?"

पोपटराव वाकतो. "मीच."

"तुम्हीपण आरपार दिसताय. तुम्ही कवा गेलात?"

कुणीतरी हसतं.

मल्हारी म्हणतो, "जित्याचा आत्मा बी फिरतो, बाई."

"फिरू द्या. पप्पू, बाकीचे फोटो आण."

पप्पू आणतो. जेवणाच्या पंगतीवर तिरडी. वरमायच्या पदरावर मडकं.

"आता पंगतीला बी डाग देणार का, महाराज?"

राबियाबाई पोपटरावाकडं वळतात.

"आप्पा, म्हातारीला खुर्चीत बसवून शेवटचा फोटो काढलेला. तो कुठंय?"

"आलाच न्हाई. इम्तियाज फोटोग्राफर म्हनला, रोल सापडंना."

"हा बघा सापडला."

घरात कुणी गेलं की लग्न महिन्यात उरकायचं, नाहीतर वर्षभर थांबायचं. पोपटरावानं उरकलं. फोटोवाला तोच. मयताचा रोल त्यानं धुतलाच नव्हता. लग्नाच्या घाईत कोरा समजून पुन्हा कॅमेऱ्यात भरला.

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणं. एकाच फिल्मवर दोनदा पडला, तर दोन चित्रं एकमेकांवर उमटतात. फोटोवाले त्याला 'डबल झालं' म्हणतात आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खातात. भुताचं त्यात काहीच नाही.

"हात सोडा, आप्पा."

पोपटराव सोडतो. सुलक्षणाच्या मनगटावर त्याची बोटं उमटलेली. ती चुलीकडं जाते, चिमट्यावर पाण्याची कळशी ओतते. वाफेत मल्हारी झोळी शोधतो.

डोळ्यांना दिसलं ते खोटं नव्हतं. ते तिथं कसं आलं, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. कुणाचं मनगट धरण्याआधी विचारा.