मोकळा राहिलेला रकाना

बावीस वर्षं मी स्ट्रोकच्या वॉर्डात सिस्टर आहे आणि बावीस वर्षांत माझा एकही आकडा चुकलेला नाही. ही बढाई समजा हवी तर. पण आमच्या अंधेरीच्या हॉस्पिटलातले डॉक्टरही हेच सांगतात. मेंदूत रक्त अडकून बेशुद्ध झालेला माणूस आतून कितपत जागा आहे, हे आम्हाला दर तासाला मोजावं लागतं. डोळे कशाने उघडतो, बोलतो काय, हात कसा हलवतो, या तिन्हींची बेरीज करायची. पूर्ण जागा माणूस पंधरा, काहीच न उरलेला तीन. त्याखाली आकडाच नाही. हल्लीच्या मुली लांबून हाक मारतात, लेकराचा गाल ओढावा तसा खांद्याला चिमटा काढतात आणि आकडा लिहून मोकळ्या होतात. मी आधी घरच्यांना विचारते, यांना घरी काय म्हणतात? कागदावरच्या नावाला कुणी ओ देत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

वेसाव्याचे भिकाजी आले तेव्हा नऊवर होते. त्यांचा मुलगा विपुल म्हणाला, "बंदरावर सगळे तांडेलच म्हणतात, सिस्टर. बोट तेच चालवायचे ना." मी कानाशी वाकून "ओ तांडेल!" अशी हाक दिली, तर पापणी थरथरली. बाकी कुणाच्या हाकेला तीही हलत नव्हती. डॉक्टर अनिरुद्ध मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ झाले तर श्वासाची नळी घालावी लागेल. मग काही खरं नाही, मृणालिनीताई."

दुपारी दोनला पाळीवर येताच घाई झाली आणि शेजारच्या खाटेवरचे अकरा मी भिकाजींच्या कागदावर, तेही पुढच्या म्हणजे तीन वाजताच्या रकान्यात लिहून बसले. चूक सुधारायची तर आकड्यावर रेघ मारून बाजूला सही करावी लागते. माझ्या कागदावर रेघ! ते मला सोसवेना. तीन वाजता काय ते बघू, असं मनाशी म्हणून मी पान उलटलं.

तीनला हाक मारली तर भिकाजींनी डोळे उघडले. मी बेरीज केली, मग पुन्हा केली. बरोबर अकरा.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला अभिमान वाटला. साडेतीनला मी चारच्या रकान्यात तेरा लिहिले आणि चारला ते "पाणी" म्हणाले. संध्याकाळी सहाला पंधरा झाले आणि त्यांनी विपुलला तळलेले बोंबील आणायला सांगितलं. सूनबाई नमिता माझ्या पाया पडली. "ताईंच्या हाताला गुण आहे," असं डॉक्टर साऱ्या वॉर्डादेखत म्हणाले, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. भिकाजी मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते माझ्या पेनाकडे बघत होते.

नवव्या दिवशी त्यांना घरी सोडायचं ठरलं. पेशंट घरी जाताना कागदावरच्या उरलेल्या रकान्यांवर एक तिरपी रेघ ओढायची, सही करायची आणि फाइल खाली पाठवून द्यायची, अशी आमची रीत आहे. रिक्षा दारात उभी होती. मी पेन टेकवलं, आणि नवा सदरा घालून बसलेल्या भिकाजींचा श्वास अडल्यासारखा थांबला. मी पेन उचललं तेव्हा तो परत सुरू झाला. ती रेघ मी ओढलीच नाही. त्यांचा कागद आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा पिशवीत घालून मी दहिसरला घरी आणला. बावीस वर्षांतली माझी ही एकुलती एक चोरी.

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की देवाला दिवा लावायच्या आधी मी त्यांचे दिवसभराचे चोवीस रकाने भरते. पंधरा, पंधरा, पंधरा. दर रविवारी विपुलचा फोन येतो, "बाबा एकदम झकास, सिस्टर! कालच बोटीवर चढले." एका माणसाचा अख्खा संसार माझ्या हातावर चालू आहे, हे कुणाला सांगता येत नाही, एवढंच दुःख.

परवा गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर त्याचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं.

"सिस्टर, बाबांना काय झालं कळत नाही. चारला चहा पिता पिता थांबले. बशी हातात तशीच, डोळे उघडे. हाका मारल्या, चिमटे काढले, काही नाही. वाट लागली होती आमची! आणि पाच वाजले तसे उरलेला चहा प्यायले."

मी कागद ओढला. सकाळच्या गडबडीत चारचा रकाना मोकळा राहिला होता.

"आता कसे आहेत?"

"ठीक आहेत. पण तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणतात, सिस्टरना सांग, तो एक तास फार बरा गेला. असाच मधूनमधून सोडत जा म्हणावं." विपुलने विचारलं, "काय सोडायचं म्हणतायत ते?"

"थकलेत रे," मी म्हटलं. "त्यांना विश्रांती घेऊ दे."

फोन ठेवला, चष्मा पुसला आणि चारच्या मोकळ्या रकान्यात ठसठशीत पंधरा लिहिले.