लाल खेकड्याची झोळी

मित्रांनो, त्या दिवशी काहीच विशेष घडलं नव्हतं. सुगी संपली होती, तळ्यातलं पाणी खाली गेलं होतं आणि फाटकाबाहेरच्या दोन फणसांना मला बांधून दिएनबाबा आडवे झाले होते. मी त्यांची झोळी. सैनिकाने दिवसा पाठीवर गुंडाळून न्यायची आणि मुक्कामाला दोन झाडांना बांधायची, तसली जाड सुती झोळी. एके काळी मी गडद हिरवी होते. आता माझा रंग वाळलेल्या शेवाळासारखा आहे. माझ्या एका कोपऱ्यावर लाल दोऱ्याने भरलेला खेकडा मात्र अजून ओळखू येतो.

शेजारचे क्विनकाका तळ्यात गळ टाकून बसले होते. तेही जुने सैनिक. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी जंगलात सोडली.

"काय रे दिएन, पुढच्या आठवड्यात तुझं श्राद्ध ना?"

"हो. ये जेवायला."

"येणारच. पण यंदा ती म्हातारी कोंबडी नको हं. मागच्या वर्षी तू गेल्याचं दुःख कमी आणि दातांचं जास्त झालं."

"फुकटचं खातोस आणि वर नावं ठेवतोस?"

"मेलेल्या माणसाने उलट बोलू नये."

दिएनबाबा हसले. ते हसले की मीही हलत असे. त्यांची मुलगी लुआ फाटकापाशी भुईमूग सोलत बसली होती. ती शहरातल्या वाचनालयात काम करते, सुट्टीत येते. हा विनोद ती लहानपणापासून ऐकत आली आहे. ती कधी हसली नाही.

"बाबा, वारा गार सुटलाय."

"झोळीला सवय आहे."

"झोळीला असेल. तुम्ही काय कापडाचे आहात?"

"या वयात जवळजवळ तेच."

लुआ अजून काही बोलणार होती. तिच्या ओठांवर आलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. पण "तुमची मर्जी," एवढंच म्हणून तिने टोपली उचलली आणि ती आत गेली.

जिवंत माणसाचं श्राद्ध कसं, असं तुम्हाला वाटलं असेल. ते सांगायचं तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी.

नदीकाठच्या एका शहरातल्या गिरणीत माझं कापड विणलं गेलं. विमानं आली की माग थांबत आणि बायका खंदकात उतरत. विमानं गेली की वर येऊन तुटलेले धागे पुन्हा गाठून घेत. म्हणून माझ्या अंगात गाठी फार आहेत.

मी तोआन नावाच्या मुलाच्या वाट्याला आले. समुद्राकाठी मिठागरात राबणाऱ्या एका बाईचा तो एकुलता एक. दक्षिणेकडे लढाईला निघण्याआधी पोरांना घरी जाऊन यायला सुट्टी मिळाली. तेव्हा ज्याची त्याची आई झोळीवर मुलाचं नाव भरून देई. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. जंगलात झोळी हीच खाट असते. जखमी माणूस बांबूला झोळी टांगून न्यायचा असतो. आणि मेलेला माणूस त्याच्याच झोळीत गुंडाळून पुरायचा असतो. तोआनच्या आईला अक्षर येत नव्हतं. तिने खेकडा भरला.

दिएन तोआनला भेटला तो या खेकड्यापायीच. दिएन भातशेतीच्या गावचा, थोडा शिकलेला. त्याच्या झोळीवर त्याच्या आईने ठळक लाल अक्षरांत नाव भरलं होतं.

"तू मेलास तर थडग्यावर काय लिहायचं आम्ही? खेकडा?" त्याने विचारलं.

"लिही की. भरती आली की घरी तरी जाईन," तोआन म्हणाला.

त्यानंतर दोघं कायम शेजारशेजारच्या झाडांना झोळ्या बांधू लागले. तोआनने दिएनला एक युक्ती शिकवली. पावसाचं पाणी झाडाच्या खोडावरून दोरीवर येतं आणि दोरीवरून ओघळत झोळीत उतरतं. म्हणून दोरीला झोळीच्या अलीकडे एक चिंधी बांधायची. पाणी चिंधीपर्यंत येतं आणि तिथून खाली टपकतं. "या रानात कोरडी राहणारी जागा एवढीच," तो म्हणे, "तीही आपणच करायची."

त्रुओंग सोनच्या डोंगरांतलं ते युद्ध म्हणजे बहुतेक वेळ चालणं होतं. तांदळाची पोती, दारूगोळा, जळवा, हिवताप. तांदूळ संपले की रानातले कंद. चकमक व्हायची तेव्हा समोरचा माणूस दिसायचा नाही, फक्त पानं फाटताना दिसायची. काही टेकड्यांवर विमानांनी विष फवारलं होतं. तिथे झाडं उभी होती आणि त्यांवर एकही पान नव्हतं. मला बांधायला खोड मिळे, लपायला सावली मिळत नसे. पक्षी नसलेल्या त्या रानात पोरं कुजबुजतच बोलत.

एकदा दिएनच्या मांडीत गोळी लागली. तोआनने मला बांबूला बांधलं, दिएनला माझ्यात घातलं आणि बांबूचं दुसरं टोक आणखी एकाच्या खांद्यावर देऊन डोंगर ओलांडला. वर विमान घिरट्या घालत होतं. दिएन कण्हत होता.

"गप रे," तोआन म्हणाला. "फाटतेय माझी झोळी आणि रडतोयस तू?"

दिएन वाचला. पुढच्या कोरड्या ऋतूत एक ओढा ओलांडताना बॉम्ब पडला. मी तोआनच्या पाठीवर गुंडाळलेली होते. लोखंडाचे तुकडे आधी माझ्यातून गेले आणि मग त्याच्यातून. मी कापड होते. मला ते अडवता आले नाहीत.

"त्याची झोळी त्याला गुंडाळ आणि चल," सोबतचे म्हणाले.

"चाळण झालीय तिची. चाळणीत माणूस पुरतात का?" दिएन म्हणाला. त्याने स्वतःची धड झोळी सोडली आणि तोआनला तिच्यात गुंडाळलं. ओढ्याकाठी खड्डा खणला, वर दगड ठेवला. त्या झोळीवरच्या नावाचा विचार त्या घाईत कुणाच्याच मनात आला नाही. मला त्याने ओढ्यात धुतलं, हवाई छत्रीच्या कापडाची ठिगळं लावली आणि युद्ध संपेपर्यंत माझ्यात झोपला.

पुढे काय झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. पावसाळ्यात ओढ्याने काठ फोडला आणि दिएनने पुरलेलं उघडं पडलं. तिथून जाणाऱ्या दुसऱ्याच एका तुकडीने झोळीवरचं नाव वाचलं, देह उचलून कुठेतरी वरच्या अंगाला पुन्हा पुरला आणि दिएन मेला असं वरिष्ठांना कळवलं. ती तुकडी पुढे एका नदीवर संपली. कुठे पुरलं ते सांगायला तिच्यातलं कुणी उरलं नाही.

म्हणून दिएन घरी आला तेव्हा घरी देव्हाऱ्यात त्याचा फोटो होता. विसाव्या वर्षीचा, कान पुढे आलेला. समोर उदबत्ती होती. संध्याकाळची वेळ. मी त्याच्या खांद्यावर होते. त्याने फाटक ढकललं, अंगण ओलांडलं आणि उंबऱ्याशी उभा राहिला. त्याची आई आतून आली, थबकली आणि मागे सरली. परत आली ती मूठभर तांदूळ आणि मीठ घेऊन. वाट चुकलेल्या आत्म्यांसाठी टाकतात, तसं तिने ते त्याच्या पायांशी फेकलं.

"मागच्याच महिन्यात पान वाढलं ना रे तुझं?" ती रडत म्हणाली. "पोटभर वाढलं होतं. माशाचं कालवण केलं होतं. जा बाळा, आता नको येऊस. मला सहन होत नाही."

तो माघारी वळला, फाटकाबाहेर आला. हे फणस तेव्हा कोवळे होते. त्यांना मला बांधून झोपला. सकाळी आई आली आणि तिने त्याला चिमटा काढला. तो ओरडला. मग ती त्याच्या अंगावर पडून रडली, गाव जमलं, ओरडाआरडा झाला. त्या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. "आत ये," असं त्याला कुणी म्हटलंच नाही. जो तो समजला की दुसऱ्याने म्हटलं असेल. जेवायला म्हणून तो कधीतरी आपणहून आत गेला. झोपायला मात्र आयुष्यभर बाहेरच राहिला.

मग तो मला घेऊन मिठागरावर गेला आणि तोआनच्या आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ खेकड्यावरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे तो तुझं नाव घेऊन झोपलाय," ती म्हणाली. "मी तोआन म्हणून हाक मारली तर त्याला कळेल का रे?"

दिएनने माझी घडी केली आणि मला तिच्यापुढे धरलं.

"ही झोळी तूच ठेव," ती म्हणाली. "तो सापडला की हिच्यात बांधून आण. रिकामी मला नको."

घरी आल्यावर दिएनने आईला सांगितलं, फोटो काढू नकोस, श्राद्धही बंद करू नकोस. माझ्या नावाने वाढलेलं पान त्यालाच पोचत असणार. तेव्हापासून दर वर्षी या घरात जिवंत माणसाचं श्राद्ध होतं. आपल्याच फोटोसमोर दिएन उदबत्ती लावतो, भात आणि कोंबडी ठेवतो आणि हळूच म्हणतो, "जेव रे, खेकड्या."

दर कोरड्या ऋतूत तो मला पाठीवर टाकून डोंगरात जाई. माणूस स्वतःच्या नावाचं थडगं शोधत हिंडतो, हे सांगितल्यावर वाटेतले लोक आधी हसत आणि मग गप्प होत. त्याला दुसऱ्यांची पोरं सापडली. बटणं, पाण्याच्या बाटल्या, हाडं. ती त्याने त्यांच्या त्यांच्या घरी पोचवली. आमचा खेकडा सापडला नाही. तोआनची आई शेवटपर्यंत भरतीच्या वेळी दारात उभी राहून "दिएन, घरी ये," अशी हाक मारत असे. मुलाला दिएनच्या नावाने. ती गेली. मग त्या ओढ्याच्या खोऱ्यावर धरण बांधलं गेलं. दिएनबाबा एकदाच ते पाणी बघायला गेले. काठावरच्या दोन झाडांना त्यांनी मला बांधलं, दिवसभर पडून राहिले आणि परत आले. त्यानंतर ते कुठे गेले नाहीत.

या सगळ्यात लुआ मोठी झाली. शाळेतली पोरं तिला 'भुताची पोरगी' म्हणत. एकदा तिने माझ्या दोरीवरची चिंधी सोडून बाहुलीला नेसवली. दिएनबाबा रागावले नाहीत. उठले, सदऱ्याची कड फाडली आणि नवी चिंधी बांधली. आभाळ कोरडं होतं. लुआची आई एवढंच म्हणाली, "अगं, त्यांचा पाऊस अजून थांबलेला नाही."

आई गेल्यावर एकदा लुआने त्यांना विचारलं, "तुम्ही आत का झोपत नाही?"

"उंबऱ्यावर तांदूळ सांडलेत गं. अन्नाला पाय कसा लावू?" असं म्हणून ते हसले. लुआला तेव्हाच उत्तर ठाऊक होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण बापाला घरात बोलावणारी मी कोण, असं तिला वाटलं असावं. शिवाय असले शब्द रोज उद्यावर ढकलता येतात.

त्या गार वाऱ्याच्या दुपारी ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी हलत नव्हते. क्विनकाकांना आधी वाटलं, दिएनला डोळा लागला. त्यांनी हाक मारली, शिवी दिली, मग गळ खाली ठेवला.

गाव जमलं. दिएनबाबांची चुलतबहीण सेनआत्या हातात तांदूळ आणि मिठाची ताटली घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. "फाटकाबाहेर प्राण गेलेला माणूस आत घेत नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "घराला बाधतं, लुआ. मी करते का हे नियम? बाहेरच मांडव घालू. चांगला घालू."

लोकांनी माना हलवल्या. कुणी ताडपत्री आणायला गेलं. लुआ दोरीवरच्या चिंधीकडे बघत होती. मग तिने क्विनकाकांकडे पाहिलं.

"बांबू आहे का, काका?"

क्विनकाका उठले. गोठ्यामागून बांबू आणला आणि उरलेल्या बोटांनी माझ्या दोऱ्या त्याला अशा बांधल्या की मला तो डोंगर आठवला. पुढे लुआ, मागे काका. दिएनबाबा माझ्यात होते, पूर्वीपेक्षा हलके.

मित्रांनो, मला ठाऊक आहे की आता तोआनला कुणी शोधणार नाही. धरणाचं पाणी कुणी उपसणार नाही. पुढच्या आठवड्यातलं ते पान नक्की कुणाला पोचेल, तेही सांगता येत नाही. मी ज्याच्यासाठी राखलेली होते तो माझ्यात कधीच येणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दाराशी कुणी लांबून आलं असेल, तर कुणीतरी म्हटलं असेल असं समजू नका. तो ऐकू शकतो तोवर म्हणा.

आम्ही फाटकातून आत आलो. अंगण ओलांडलं. सेनआत्याने ताटली छातीशी धरली होती.

"बाजूला हो, आत्या," लुआ म्हणाली. आत्या हलली नाही. लुआनेही आवाज चढवला नाही. खांद्यावर बांबू तसाच घेऊन ती उभी राहिली. शेवटी आत्याच्या हातातली ताटली खाली आली आणि ती भिंतीला टेकली.

लुआ उंबऱ्यावर थांबली. वळून तिने माझ्यातल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आलात, बाबा? या. आत या."