बोटीवरून आल्यावर

नारायणगावात आमचं शेतीऔषधांचं दुकान आहे. खप चांगला झाला म्हणून कंपनीनं २००६ च्या नाताळात मला आणि माझ्या नवऱ्याला, भरतला, बोटीची सहल दिली. मुंबईहून निघालेली ती बोट म्हणजे एक गावच होतं. केक होता, लाल कपड्यातला नाताळबाबा होता, पोहायचा तलावसुद्धा होता. आम्ही दोघं नाचलोही.

घरी आलो तर दारात सगळी भावकी उभी. आम्ही काशीहून आल्यासारखे सासूबाईंनी आमचे पाय धुतले, कुंकू लावलं. आत यात्रेहून परतल्यावर घालतात त्या मावंद्याच्या जेवणासाठी पुरणाचा वास सुटलेला. माझं डोकंच फिरलं.

"आई, लोक हसतील आपल्याला. आम्ही मजा करायला गेलो होतो, यात्रेला नाही!"

"समुद्र तो समुद्रच, हर्षाली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळ्या नद्या तितंच जात्यात. मी काय आता बघायची न्हाई." त्यांनी घासून लख्ख केलेला तांब्या पुढं केला. "पाणी आणलं आसंल ना? घाल ह्यात थोडं. सगळ्यांना तीर्थ देते."

मी फटकन बोलणार होते, पण भरतकडं बघितलं. तो आपल्या धुतलेल्या पायांकडं बघत होता. बोटीवर आम्ही तलावात डुंबलो, समुद्र काचेतून बघितला, त्याच्यासमोर फोटो काढले.

त्या पाण्याला हात मात्र दोघांपैकी एकानंही लावला नव्हता.